आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम परवाना कुणाला द्यायचा ते सांगतं. पिकाच्या राखणीसाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली, त्याची गरज खरी असली आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असल्या, तर परवाना द्यावा, असं त्यात आहे. लगेच खाली दुसरी सोय आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल किंवा एअर रायफल मिळू शकते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन माणसं असावीत. एक माळ्यावर बसून ज्वारी राखणारा शेतकरी, दुसरा क्लबात निशाणा लावणारा नेमबाज. शेतकऱ्याची बंदूक तोंडातून भरायची, नेमबाजाची मागून काडतूस घालायची.

सोलापूरकडच्या माणसाला यातलं पहिलं चित्र लगेच पटेल. ज्वारी हुरड्यावर आली की रात्री रानडुकरं उतरतात. राखणीच्या बंदुकीचं काम मोठा आवाज करण्याचं. बार उडाला, कळप पांगला, की झालं. गोळी नेमकी कुठे गेली याची चौकशी कुणी करत नाही. त्यामुळे ठासणीची बंदूक म्हटलं की धूर ओकणारी, ओबडधोबड, नेमाशी काही देणंघेणं नसलेली वस्तू मनात येते.

प्रत्यक्षात १८६० च्या दशकात जगातल्या सर्वांत अचूक रायफली ठासणीच्याच होत्या. हजार यार्डांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यावर त्यांच्या स्पर्धा होत. त्याच रायफलींच्या प्रती आज इटलीत नव्यानं बनतात. जगभरचे नेमबाज त्या शोधून, निरखून विकत घेतात आणि अर्ध्या तासात तेरा गोळ्या या संथ चालीनं झाडतात. मागून भरायच्या रायफली सगळीकडे मिळत असताना ही माणसं पुन्हा नळीच्या तोंडाकडे का वळतात, हे समजायचं तर एका कोड्यापासून सुरुवात करावी लागते.

सोलापूरच्या तटाखाली

मे १८१८. दुसऱ्या बाजीरावाचं राज्य संपत आलं होतं. फेब्रुवारीत याच जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले होते. आता थॉमस मन्रो सोलापूरच्या भुईकोटावर चालून आला. पेशव्यांकडून गणपतराव पानसे लढत होते. काही दिवसांच्या लढाईनंतर किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

त्या लढाईत कंपनीच्या शिपायांकडे असायची तशी बंदूक पाहू. नळी आतून गुळगुळीत, भोक सुमारे पाऊण इंचाचं. घोड्यात चकमकीचा दगड. चाप ओढला की दगड पोलादावर घासे, ठिणगी रंजकावर, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूवर पडे, आणि रंजकाची आग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत पोचे. शिशाची गोळी मात्र भोकापेक्षा बरीच लहान, सुमारे ०.६९ इंचाची. हे मुद्दाम केलेलं असे. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो आणि नळीच्या आत थर चढतो. गोळी नेमकी मापाची असती तर थोड्याच बारांत ती नळीत उतरेनाशी झाली असती. सैल गोळी गजाच्या एका दाबात तळाशी जाई आणि सराईत शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

या सैलपणाची किंमत नेमात मोजावी लागे. गोळी नळीच्या भिंतींवर इकडेतिकडे आपटत बाहेर येई. शेवटचा धक्का कुठल्या बाजूनं बसेल त्यावर तिची दिशा ठरे. १८१४ मध्ये जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं की अशा बंदुकीनं ऐंशी ते शंभर यार्डांवर माणूस टिपता येईल, दोनशेवर नेम धरण्यात अर्थ नाही. तटावर असो की तटाखाली, शंभर पावलांपलीकडे सगळा हवाला नशिबावर.

यावरचा उपाय युरोपातल्या शिकाऱ्यांना तीनशे वर्षांपासून ठाऊक होता. नळीच्या आत पेचदार चर कोरायचे. गोळी त्या चरांत घट्ट बसली तर बाहेर पडताना स्वतःभोवती फिरते, आणि फिरणारी गोळी हवेत डगमगत नाही. कोडं इथेच सुरू होतं. चर पकडायचे तर गोळी घट्ट हवी. तोंडातून आत ढकलायची तर सैल हवी. आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट, अशी एकच गोळी कशी बनवायची?

एका कोड्याची पाच उत्तरं

पहिलं उत्तर कापडाचं. गोल गोळी थोडी लहान घ्यायची आणि चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून आत ठासायची. चर कापड पकडतात, कापड गोळीला फिरवतं, आणि नळीबाहेर पडल्यावर कापड गळून पडतं. या पद्धतीनं आजही स्पर्धा होतात आणि त्यात उतरणारे नेमबाज कापडाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सूत किती नंबरचं आणि वीण किती दाट यावर ज्या शहराचं पोट चाललं, त्या सोलापूरला हा काटेकोरपणा समजावून सांगावा लागणार नाही. कापडाच्या उत्तराची उणीव वेळेत होती. चर घाण झाले की गोळी हातोडीनं ठोकून आत घालावी लागे, आणि लढाईत तेवढी उसंत मिळत नाही.

दुसरं उत्तर गोळीलाच चरांच्या आकाराची करायचं. ब्रिटिश सैन्याच्या ब्रन्सविक रायफलीत दोन खोल चर होते आणि गोळीभोवती त्यांत बसणारा पट्टा. ती भरायला इतकी अवघड की शिपाई जेरीस येत. ही कल्पना पुढे नेली ती मुंबई इलाख्यातल्या एका अधिकाऱ्यानं. जॉन जेकब मुंबईच्या तोफखान्यातला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत होता आणि तिथलं जेकबाबाद हे गाव त्याच्याच नावाचं. वाळवंटाच्या कडेला त्यानं वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि दोन नळ्यांची, चार चरांची रायफल घडवली. तिच्या गोळीला चार उभ्या कडा होत्या, त्या चार चरांत बरोबर बसत. नेमाच्या पट्टीवर खुणा दोन हजार यार्डांपर्यंत. सोलापूरच्या तटाखाली शंभर यार्डांवर थांबलेला नेम चाळीस वर्षांत, त्याच इलाख्याच्या दुसऱ्या टोकाला, एवढा लांब गेला होता. डिसेंबर १८५८ मध्ये जेकब वारला. त्याच्या नावाची पलटण मागे राहिली, रायफल मात्र सर्वदूर पोचली नाही.

तिसरं उत्तर क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याचं, १८४९ सालचं. गोळी लांबट, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा थोडी बारीक. ती सहज आत जाते. दारू पेटली की वायूचा दाब पोकळीत शिरतो, मऊ शिशाचा घेर पसरतो आणि चर पकडतो. कोडं सुटलं, आणि सोडवणारी शक्ती होती स्फोटाचीच. याच तत्त्वावर ब्रिटिशांची १८५३ ची एनफिल्ड रायफल निघाली. बोअर ०.५७७ इंच, नळी ३९ इंच लांब, आत तीन चर, आणि ७८ इंचांत एक वेढा घेणारा पेच.

एनफिल्डच्या काडतुसात कागदाच्या नळकांड्यात दारू आणि गोळी एकत्र असत. शिपायानं कागदाचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली गोळी गजानं खाली ढकलायची. गोळी नळीला जवळजवळ चिकटून जाणारी, आत राखेचा थर, म्हणून गोळीकडच्या कागदाला वंगण लावलेलं असे. वंगण गाय-डुकराच्या चरबीचं असल्याची बातमी १८५७ च्या जानेवारीत दमदमला पसरली. पुढचं सगळं आपण शाळेत शिकलो. शाळेत सांगत नाहीत ते एवढंच, की चरबीची गरज मुळात या कोड्यातून आली होती. तोंडातून भरायची आणि चर असलेली नळी नसती, तर त्या कागदाला वंगण लागलंच नसतं. नंतर एनफिल्डच्या गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंच केला गेला आणि वंगण म्हणून मेण आलं.

उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट केली. हिंदी शिपायांसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत आणि मोठ्या भोकाची बंदूक बनवली गेली. दस्ता तोच, घोडा तोच, फक्त चर नाहीत. शिपायाच्या हाती बंदूक राहिली आणि लांबचा नेम गोऱ्या पलटणींकडे गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या बंदुकीवरही परवान्याचं कुलूप लावलं.

चौथं उत्तर देणारा माणूस सैनिक नव्हता. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रं घडवणारा कारखानदार. १८४१ मध्ये त्यानं स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण माप ठरवलं, आणि इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र त्याच्या नावावर आहे. सरकारनं त्याला विचारलं की एनफिल्ड सुधारता येईल का. त्यानं चरच काढून टाकले. नळीचं भोक षटकोनी केलं आणि पिळलं, गोळीही तशीच षटकोनी, पिळलेली. भोक ०.४५१ इंचाचं, पेच २० इंचांत एक वेढा, गोळी ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. गोळीचं आणि नळीचं माप यंत्रानं इतकं जुळवलेलं, की ती अलगद सरकत खाली जाई आणि येताना पिळाबरोबर वळल्याशिवाय तिला बाहेरच पडता येत नसे.

आता थोडं गणित. गोळीचा वेग सेकंदाला १२०० फूट धरला आणि दर २० इंचांना एक वेढा, तर गोळी सेकंदाला ७२० वेळा स्वतःभोवती फिरते. मिनिटाला ४३,२०० फेरे. एनफिल्डची गोळी ९०० फुटांच्या वेगानं सेकंदाला जेमतेम १३८ फेरे घेते. लांब आणि बारीक गोळी हवेत सरळ राहायची तर तिला जास्त फेरे लागतात, आणि लांब-बारीक गोळीच हवा कापत दूर जाते. व्हिटवर्थनं नळीचं भोक लहान आणि पेच जलद केला तो यासाठी. १८५७ मध्ये दोन्ही रायफलींची तुलना झाली. पाचशे यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फुटांवर पडल्या, व्हिटवर्थच्या सुमारे साडेचार इंचांवर. चौदाशे यार्डांवर एनफिल्डला लक्ष्यच सापडलं नाही. व्हिटवर्थची गोळी तिथेही लागत होती.

तरी सैन्यानं ती घेतली नाही. एनफिल्डच्या चौपट किंमत, आणि अरुंद नळीत राख लवकर साठे. स्पर्धेच्या मैदानावर मात्र तिला तोड नव्हती. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा सुरू झाली. व्हिटवर्थ रायफल लोखंडी ठाणावर पक्की बसवली होती. राणी व्हिक्टोरियानं रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवर गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली.

पाचवं उत्तर सर्वांत गमतीचं. विल्यम मेटफर्ड या इंजिनिअरच्या आणि डब्लिनच्या रिग्बीसारख्या कारागिरांच्या लक्षात आलं की गोळीला पोकळ बूड द्यायची गरज नाही आणि नळी षटकोनी करायचीही नाही. लांब, थोडी कठीण केलेली, कागदात गुंडाळलेली गोळी घ्यायची. चर अगदी उथळ ठेवायचे. दारू पेटते त्या क्षणी गोळीच्या बुडाला धक्का बसतो आणि टोक अजून जागचं हललेलं नसतं. त्या निमिषात गोळी स्वतःच्याच वजनाखाली किंचित आखडते, फुगते आणि उथळ चर भरून काढते. सैल गेलेली गोळी स्वतःच्या जडत्वानं घट्ट होऊन बाहेर येते.

२६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला याच उत्तराची परीक्षा झाली. आयर्लंडचे नेमबाज ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आले, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स होत्या. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. एका आयरिश नेमबाजानं गोळी बरोबर मध्यावर मारली, पण लक्ष्य शेजाऱ्याचं होतं, म्हणून गुण शून्य. अमेरिकेची शेवटची गोळी झाडणाऱ्याचा हात थोड्याच वेळापूर्वी बाटली फुटून कापला होता. तीन गुणांचा फरक आणि त्यात एक वाट चुकलेली गोळी, म्हणजे ठासणीची रायफल अजून मागे पडलेली नव्हती. पण तिचे दिवस भरत आले होते. धातूच्या काडतुसात गोळी पहिल्यापासूनच घट्ट असते आणि मागून जाते. कोडं विचारायचीच गरज संपली.

नव्या नळीत जुनं कोडं

अमेरिकेच्या यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ मध्ये साजरी झाली. हौशी लोकांना त्या काळच्या बंदुका उडवायच्या होत्या. मूळ बंदुका दुर्मिळ होत्या आणि जुन्या लोखंडाचा भरवसा नव्हता. त्यांची मागणी इटलीत ब्रेशाजवळच्या वाल ट्रोम्पिया खोऱ्यात पोचली. तिथल्या गार्दोने गावात शतकानुशतकं बंदुका घडतात. १९५७ मध्ये सुरू झालेली दाविदे पेदेरसोली ही तिथलीच कंपनी. ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्सच्या रायफलीवरून तिनं बनवलेली 'गिब्स' आज अनेक नेमबाजांच्या हाती दिसते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलनं १९७० च्या दशकात मूळ मापकांवरून एनफिल्डच्या प्रती काढल्या आणि व्हिटवर्थही पुन्हा घडवली. ती कंपनी आता त्या बनवत नाही, त्यामुळे तिच्या प्रतींनाच आज जुन्या वस्तूचा मान मिळतो.

ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय समिती १९७१ मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांना त्या कोड्याशी झटलेल्यांची नावं आहेत. सैनिकी रायफलींची 'मिनिए', मुक्त रायफलींची 'व्हिटवर्थ', दोन्ही शंभर मीटरवर आडवं पडून. तोड्याच्या बंदुकीचीही एक आहे, 'तानेगाशिमा', जपानमधल्या ज्या बेटावर १५४३ मध्ये पोर्तुगीजांनी पहिली बंदूक आणली त्याच्या नावाची. मूळ बंदुका आणि प्रती यांची मोजणी वेगवेगळी होते. प्रत मूळ नमुन्याला धरूनच असावी लागते. दारू काळीच. अर्ध्या तासात तेरा गोळ्या, त्यांतल्या उत्तम दहा धरतात.

एक गोळी झाडायला काय काय करावं लागतं ते पाहिलं की हा वेळ उदार का ठेवलाय ते कळतं. दारू आधीच एकेका बारापुरती तोलून छोट्या नळ्यांत भरलेली असते. ती लांब नळकांड्यातून अलगद सोडायची, म्हणजे कण सारखे बसतात. वर चकती, मग गोळी, आणि गजाचा दाब दर वेळी तितकाच. शेवटी घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे आग आत नेणाऱ्या पोकळ बोंडावर, ठोक्यानं पेटणारी तांब्याची टोपी. या टोपीची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. स्कॉटलंडचा पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ याला बदकांची शिकार आवडे, पण रंजकाचा भपका दिसला की बदकं उडून जात. त्यावर उपाय म्हणून त्यानं १८०७ मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. दिवाळीत पोरं पिस्तुलात घालतात ती टिकली त्याच कुळातली. बार झाला की नळी पुसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

हजार यार्डांच्या बाराला गोळी तीन सेकंदांहून जास्त वेळ हवेत असते आणि वाटेत नेमाच्या रेषेपेक्षा चाळीसेक फूट उंच चढून खाली येते. तेवढ्या वेळात वारा वळला तर गोळीही वळते. म्हणून या रायफलींच्या मागच्या नेमाला उंच पट्टी आणि इंचाचे बारीक भाग दाखवणारं व्हर्नियर असतं, आणि टोकाच्या माशीजवळ रायफल तिरपी होऊ नये म्हणून पाणसळ.

मग घेणारा काय बघतो? आधी पेच आणि गोळी यांचं जमतं का. ७८ इंचांत एक वेढा असलेल्या नळीला बुटकी गोळी लागते, वीसवालीला लांब. हौशी माणूस दस्त्याच्या लाकडावर भाळतो, जाणकार आधी नळीत दिवा सोडतो. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, आणि आधीच्या मालकानं एक संध्याकाळ साफसफाईचा आळस केला असला तर आत गंजाचे खड्डे दिसतात. नळीच्या तोंडाची कड गजाच्या घर्षणानं एका बाजूला झिजली असली तर नेम गेलाच म्हणायचा. नंतर शिक्के. गार्दोनेच्या सरकारी तपासणीचा शिक्का, तपासणीचं वर्ष सांगणारी अक्षरं, आणि फक्त काळी दारू वापरावी ही सूचना. प्रत ओळखायची आणखी एक खूण स्क्रूंत असते. इटलीतल्या प्रतींचे आटे सहसा मेट्रिक असतात. इंचाच्या आट्यांना शिस्त लावणाऱ्या व्हिटवर्थच्या रायफलीच्या प्रतीतही.

सोलापुरात बसून

अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यानं अशा प्रतींना पुराणवस्तूंच्या रांगेत बसवलं, त्यामुळे तिथे संघीय पातळीवर त्यांच्यावर फारसं बंधन नाही. ब्रिटनमध्ये मूळ जुनी बंदूक शोभेसाठी ठेवली तर परवाना लागत नाही, पण चालणारी प्रत घ्यायची तर लागतो. भारतात ज्यातून स्फोटाच्या जोरावर गोळी सुटते ते सगळं अग्निशस्त्र, मग ती कितीही जुन्या नमुन्याची असो. कलम ४५ नं सूट दिली आहे ती दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या जुन्या किंवा मोडक्या हत्यारांना. नवी इटालियन प्रत चांगली चालते, म्हणून तिला परवाना हवाच. सोलापूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. परदेशातून मागवायची सवलत नामांकित नेमबाजांना आणि क्लबांना, तीही केंद्राच्या क्रीडा खात्याच्या शिफारशीवर. परदेशी दुकानाच्या संकेतस्थळावर 'प्रतिकृती' हा शब्द वाचून कुणी मागणी नोंदवली, तर गुन्हा ओढवून घेईल.

आपल्याकडे नेमबाजीची आवड कमी आहे असं नाही. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य. हे यश कारखान्यातून तयार होऊन आलेल्या काडतुसांवरचं आहे. ठासणीच्या रायफलीत काडतूस नळीतच तयार होतं. दारूचं वजन, गजाचा दाब, राखेचा थर, सगळं झाडणाऱ्याच्या हातचं. तेरा गोळ्यांत चूक झाली तर ती दुसऱ्या कुणाच्या पदरात घालायला जागाच राहत नाही. लोक पैसे मोजून हा त्रास विकत घेतात, कारण बरोबर लागलेली गोळी मग पूर्णपणे त्यांची असते.

सोलापूरकराला अशा जुन्या बंदुका पाहायच्या असतील तर जवळची जागा अक्कलकोट. तिथल्या नव्या राजवाड्यात भोसले घराण्याचा शस्त्रसंग्रह आहे. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तासभर तिकडेही काढावा. कुठलीही लांब बंदूक समोर आली की तीन गोष्टी पाहाव्यात. घोड्याच्या तोंडात दगड आहे, तोडा आहे, की खाली टोपीची निपल? मागचा नेम नुसती खाच आहे, की आकडे कोरलेली उभी पट्टी, आणि शेवटचा आकडा किती? आणि नळीचं तोंड दिसत असेल तर आत चर आहेत का? निपल असून चर नसतील, तर ती बंदूक कदाचित १८५७ नंतरच्या अविश्वासातून घडलेली असेल. चर असतील, तर ते किती आणि किती खोल हे मोजून वरच्या पाच उत्तरांपैकी कोणतं तिच्या वाट्याला आलं, याचा अंदाज पाहणाऱ्याला जागच्या जागी बांधता येईल.